पट्ट्याच्या मापाचे इसब: एका कोल्हापुरी जोडाची तक्रार

पायातली चप्पल काढली तरी पायावर चप्पल दिसत होती. दोन्ही पावलांवर, आडव्या पट्ट्याखाली, तेवढ्याच रुंदीचा लालसर-काळपट खरबरीत डाग. अंगठ्याभोवती कड्यासारखी खाज. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या आणि स्वच्छ. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातील एका त्वचारोगतज्ज्ञाकडे आलेल्या एकेचाळीस वर्षांच्या प्राथमिक शिक्षिकेचे हे पाय. (व्यक्ती, दुकान आणि तारखा अभ्यासासाठी बेतलेल्या आहेत, वैद्यक, चामडे आणि कायदा यांचे तपशील खरे आहेत.)

जोड २८ मे रोजी कोल्हापूरच्या चप्पल लाईन या बाजारातून घेतलेला. किंमत २,२०० रुपये, पैसे यूपीआयने. बिलावर एवढेच: ‘लेडीज चप्पल १ जोड’, आणि खाली शिक्का, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. दुकानाच्या पाटीवर मात्र ठसठशीत लिहिलेले: ‘अस्सल कोल्हापुरी, बाभूळ-हिरड्याचे शुद्ध चामडे, केमिकल नाही’. खरेदीआधी दुकानदाराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, त्यांच्याखालीही हेच वाक्य होते. पुढे सगळे प्रकरण या एका वाक्यावर उभे राहिले. बिलावर नव्हे.

शाळा १६ जूनला सुरू झाली, चप्पल रोज पायात आली, पाऊसही आला. रोज घालू लागल्यापासून तिसऱ्या आठवड्यात खाज सुरू झाली. दुकानात दाखवल्यावर उत्तर मिळाले, “ताई, नवं पायताण चावतंयच की. एरंडेल लावा, मऊ पडंल.” मग औषधाच्या दुकानातून ट्यूब आली. तिने चार दिवस आराम पडला आणि पाचव्या दिवशी दुप्पट खाज परतली.

चावणे आणि उठणे

चप्पल चावते तेव्हा दुखते. जिथे घासते तिथे, म्हणजे टाचेच्या कडेला, करंगळीवर किंवा अंगठ्याच्या मुळाशी, फोड येतो. बहुतेकदा एका पायाला जास्त. चार दिवस दुसरी चप्पल घातली की बरे होते. स्पर्शजन्य ॲलर्जीत दुखण्यापेक्षा खाज मोठी असते, ती दोन्ही पायांवर जवळपास सारखी असते, आणि चामडे जिथे नुसते टेकते तिथेही उठते. चप्पल बंद केल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळते आणि पुन्हा घातली की एक ते तीन दिवसांत उसळते.

पावसाळ्यात तिसरी शक्यता असतेच: चिखल्या. त्या बोटांच्या बेचक्यांत होतात, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये. कातडी पांढरी, ओली, सोललेली दिसते. या बाईंच्या बेचक्या स्वच्छ होत्या. तरीही डॉक्टरांनी डागाच्या कडेची खपली खरवडून बुरशी शोधणारी केओएच तपासणी केली. बुरशी नव्हती. ही तपासणी स्वस्त आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि ग्राहक आयोगापुढे ‘बुरशी असेल’ हा बचाव ती एका कागदाने संपवते. ती न करता मलम लिहून देणारे बरेच आहेत.

औषधाच्या दुकानातील ती ट्यूब म्हणजे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण. स्टेरॉइडने सूज तात्पुरती बसते म्हणून ‘गुण आला’ वाटतो. कारण पायातच असते, म्हणून त्रास परततो. शिवाय अशा मलमातील प्रतिजैविकाचीच नवी ॲलर्जी होऊ शकते, आणि खरोखर नायटा असेल तर तो ओळखू न येण्याइतका रूप बदलतो. ट्यूबचे खोके आणि बिल फेकू नये. काय लावले होते हे नंतर आठवणीवर सांगावे लागले तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

पाठीवरची परीक्षा

निदान नुसत्या आकारावरून जवळजवळ झालेच होते. पण ‘चपलेची ॲलर्जी’ हे निदान तक्रारीला पुरत नाही. चपलेतील कशाची, हे लागते. पादत्राणांत नेहमीचे संशयित असे: चामड्यातले क्रोमियम; तळ चिकटवायच्या सोल्युशनमधले पी-टर्शरी ब्यूटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन; रबर पक्के करण्यासाठी घातलेली मरकॅप्टोबेन्झोथायाझोल, थायुराम यांसारखी रसायने; रंग; आणि बक्कल किंवा रिंगमधले निकेल.

पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी शोधणे, तीव्र इसब बसल्यावरच करतात. म्हणून आधी तीन आठवडे चप्पल बंद, डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम फक्त पावलांना, आणि पोटातून स्टेरॉइड अजिबात नाही, कारण त्याने खरी प्रतिक्रियाही दबते. मग पाठीच्या वरच्या भागावर छोट्या वाट्यांतून भारतीय मानक मालिकेतील पदार्थ चिकटवले. ४८ तास पाठ ओली करायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. पट्ट्या काढून पहिले वाचन, आणि दुसरे वाचन चौथ्या दिवशी. हे दुसरे वाचन पुष्कळ जण चुकवतात: शाळेतून रजा मिळत नाही, गाव लांब असते. पण नुसती जळजळ दुसऱ्या दिवशी दिसून चौथ्यापर्यंत ओसरते, आणि ॲलर्जी चौथ्या दिवशी टिकते किंवा वाढते. फक्त दुसऱ्या दिवसाच्या वाचनावर बेतलेला अहवाल कच्चा.

निकाल आला: पोटॅशियम डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) दोन्ही वाचनांत ++, सोल्युशनचे रेझिन, रबरी रसायने, निकेल सगळे नकारात्मक. डायक्रोमेट मुळातच उग्र, त्यामुळे एका अधिक चिन्हावर (+) फारशी भिस्त ठेवता येत नाही. ++ म्हणजे लाली, उंचवटे आणि बारीक पाणीदार फोड, हे ठोस. शिवाय डॉक्टरांनी चपलेचेच दोन पातळ काप, एक पट्ट्याच्या आतल्या बाजूचा आणि एक तळाचा, पाण्याने ओलसर करून पाठीवर लावले होते. पट्ट्याचा काप उठला, तळाचा नाही. नखाएवढ्या कापाने तक्रारीचा रोख तळाकडून पट्ट्याकडे वळवला.

तळ घरचा, पट्टा पाहुणा

पारंपरिक कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात सालीचे पाणी भरायचे आणि टांगून ठेवायचे. ते पाणी झिरपत-झिरपत चामड्यात मुरते. काम आठवड्यांचे. हे चामडे जाड, ताठ, बदामी. तळाला उत्तम, पण नव्या गिऱ्हाइकाला पट्टा पहिल्या दिवसापासून मऊ हवा असतो आणि रंग लाल, मोरपंखी, सोनेरी हवे असतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे एखाद-दुसऱ्या दिवसात तयार होते, मऊ असते, रंग छान घेते. म्हणून काही जोडांत तळ बाभूळ-हिरड्याचा आणि वरचा पट्टा बाहेरून आणलेल्या क्रोम चामड्याचा असतो. यात बेकायदा काही नाही. खोटे तेव्हा होते, जेव्हा अशा जोडावर ‘केमिकल नाही’ लिहिले जाते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी. त्या नावाचा भाव घ्यायचा आणि पट्टा भलताच लावायचा, यात नुकसान कोल्हापूरच्या सुभाषनगरात चामड्याच्या वादीने जोड शिवणाऱ्या कारागिराचेही होतेच.

कमावताना वापरतात ते क्रोमियम त्रिसंयुजी (क्रोमियम-३). ते तुलनेने निरुपद्रवी. पण चामडे फार तापले, कोरड्या हवेत पडून राहिले किंवा अल्कधर्मी पदार्थांनी धुतले-पुसले गेले तर त्यातील काही भाग षट्संयुजी (क्रोमियम-६) होतो, आणि हा षट्संयुजी प्रकार त्वचेतून सहज शिरतो. पाऊस आणि घाम त्याला चामड्यातून बाहेर काढतात. मे महिन्यात दोन-चारदा घातलेली चप्पल काही करत नाही आणि जूनमध्ये भिजल्यावर पेटते, त्याचे हे साधे कारण.

युरोपीय संघात १ मे २०१५पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्संयुजी क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. तक्रारीत हा आकडा तुलनेसाठी देता येतो, पण तो आपला कायदा नव्हे; ‘युरोपची मर्यादा ओलांडली म्हणून सदोष’ एवढ्यावर थांबू नये. आणि इथे एक सापळा आहे. प्रयोगशाळेकडे फक्त षट्संयुजी क्रोमियमची चाचणी मागितली आणि ते ३ मिलिग्रॅमच्या आत निघाले, तर समोरचा म्हणणार, ‘बघा, माल चोख!’ एकदा ॲलर्जी झालेल्या माणसाला त्याहून कमी मात्राही पुरते, आणि मोठ्या प्रमाणातील त्रिसंयुजी क्रोमियमही त्याला उठवू शकते. म्हणून मागणी दोन चाचण्यांची करावी: षट्संयुजी क्रोमियम (आयएसओ १७०७५ पद्धत) आणि एकूण क्रोमियम. बाभूळ-हिरड्याच्या चामड्यात एकूण क्रोमियम जेमतेम असते. क्रोम चामड्यात ते वजनाच्या टक्क्यांत मोजावे लागते. दावा ‘केमिकल नाही’चा असेल तर तो खोटा पाडणारी चाचणी ही दुसरी.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. पट्ट्याची कापलेली कड भिंगातून पाहा: क्रोम चामड्याचा गाभा बहुधा निळसर-राखाडी, सालीच्या चामड्याचा आरपार बदामी. उकळत्या पाण्यात टाकलेली चिंधी आक्रसून कडक झाली तर सालीचे, जवळपास तशीच राहिली तर क्रोमचे. मात्र पुरावा म्हणून ठेवलेल्या जोडावर हे प्रयोग करू नयेत. तोच कारागीर तेच चामडे वापरत असेल तर त्याच्याकडची उरलेली चिंधी चालेल.

जोड जपण्याची रीत

तक्रारी बुडतात त्या बहुधा इथे. बाई रागाने चप्पल फेकून देतात, किंवा दुकानदार म्हणतो “द्या, कंपनीला पाठवतो” आणि जोड परत येत नाही. जोड सोडायचा असेल तर लेखी पोच घेऊनच, आणि तपासणीआधी सोडूच नये. धुऊ नका, पॉलिश करू नका, चांभाराकडे टाके घालायला देऊ नका. आधी फोटो: वरून, तळातून, पट्ट्याची आतली बाजू, आणि पायावरील डागाशेजारी चप्पल ठेवून एक, सगळे एकाच दिवशी. मग कागदी पिशवीत, तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह, सावलीत. प्लॅस्टिकमध्ये कोल्हापूरच्या श्रावणात आठ दिवसांत बुरा येतो. गॅलरीत वाळवू नका. ऊन आणि उष्णता क्रोमियमचे रूप बदलतात आणि चाचणीचा आकडाच वादात येतो.

वापरलेल्या चपलेत घाम, मलम, साबण असतात. म्हणून नमुना पट्ट्याच्या त्या टोकाचा घ्यावा, जे तळाच्या दोन थरांमध्ये दाबून शिवलेले असते. तिथे पाय पोचलेला नसतो.

सिमेंटचा मुद्दा

दुकानदाराच्या बाजूचा सगळ्यात धारदार मुद्दा चपलेबद्दल नव्हताच. बाईंच्या घराचे बांधकाम मार्च-एप्रिलमध्ये चालू होते आणि स्लॅबला पाणी मारायला त्या जात. ओल्या सिमेंटमध्येही षट्संयुजी क्रोमियम असते. गवंड्यांच्या हाताच्या इसबाचे ते जुने कारण. मग ॲलर्जी सिमेंटने लावली, चपलेने नव्हे!

याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. वैद्यकीय भाग: सिमेंटची ॲलर्जी आधी हातांवर दिसते, डॉक्टरांच्या पहिल्याच केसपेपरवर ‘हात स्वच्छ, पूर्वी हातांवर इसब नाही’ अशी नोंद होती. चप्पल रोज घालू लागल्यापासून खाज येईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांच्या अंतरावरून मात्र काही सिद्ध होत नाही, हे मान्य करावे. नव्याने ॲलर्जी जडायला साधारण दहा दिवस ते काही आठवडे लागतात, आणि आधीच ॲलर्जी असलेल्याला चामडे भिजेपर्यंतचा वेळही तेवढाच लागू शकतो. कायद्याचा भाग जास्त मोलाचा: ॲलर्जी पहिल्यांदा कुठून जडली हा प्रश्न बाजूला ठेवला तरी जुलैतले इसब पट्ट्याच्या मापाचे आहे. आणि ज्याला क्रोमियम सोसत नाही तो गिऱ्हाईक ‘केमिकल नाही’ ही पाटी वाचूनच तर चप्पल घेतो.

दुसरा बचाव ठरलेला असतो: ‘शेकडो गिऱ्हाइकांनी हाच माल नेला, कोणाची तक्रार नाही.’ आमच्या मते याला थेट भिडू नये. ॲलर्जी ही त्या माणसाच्या शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि एखाद्याला सोसत नाही म्हणून वस्तू आपोआप सदोष ठरत नाही. ‘चपलेमुळे त्रास झाला, भरपाई द्या’ एवढीच तक्रार असेल तर हा बचाव चालण्याची चांगली शक्यता आहे. तक्रार अशी मांडावी: जे सांगून विकले ते हे नव्हते, आणि त्या फरकामुळेच इजा झाली.

कायद्यात ते कुठे बसते

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, सहावे प्रकरण, उत्पादन दायित्व. कलम ८४ उत्पादकासाठी, कलम ८६ विक्रेत्यासाठी. ८६नुसार, विक्रेत्याने स्वतःहून स्पष्ट हमी दिली असेल, वस्तू तिला उतरली नसेल आणि त्यामुळे इजा झाली असेल तर तो जबाबदार. आणि उत्पादक कोण हे कळत नसेल तरीही तोच जबाबदार. ‘मी फक्त विकतो, जोड कोणी बांधला ते माहीत नाही’ हे वाक्य दुकानदार बचाव म्हणून बोलतो, पण या कलमापुढे तो स्वतःलाच अडकवून घेतो. त्याने कारागिराचे नाव सांगितले तर कारागिराला दुसरा विरुद्ध पक्ष करता येते. या प्रकरणात तसे केले नाही, कारण पाटी कारागिराची नव्हती.

‘इजा’ या शब्दाची व्याख्या नीट वाचावी. शारीरिक इजा आणि तिच्यासोबतचा मानसिक त्रास तिच्यात येतो. खुद्द वस्तूचे नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा येत नाही. म्हणून चपलेचे २,२०० रुपये दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा या शीर्षकाखाली मागितले, औषधोपचार आणि मनस्ताप उत्पादन दायित्वाखाली. बुडालेल्या पगाराची मागणी या व्याख्येत अडकू शकते.

‘माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. पण इथे खाज सुरू होईपर्यंत महिना उलटला होता, त्यामुळे तक्रार या ३० दिवसांवर बेतली नाही. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

आधी स्पीड पोस्टने पत्र गेले, १५ दिवसांची मुदत देऊन. त्यातला गाभा असा: ‘आपण पाटीवर आणि दि. … च्या संदेशात सदर चप्पल बाभूळ-हिरड्याने कमावलेल्या चामड्याची व रसायनविरहित असल्याचे सांगितले. पॅच चाचणीत मला क्रोमियमची ॲलर्जी असल्याचे व सदर चपलेच्या पट्ट्याने ती उद्भवत असल्याचे निष्पन्न झाले आहे. जोड माझ्याकडे जपून ठेवला असून तपासणीस उपलब्ध आहे.’ रागाचे एक वाक्य नाही, रोगाची रसभरित वर्णने नाहीत. उत्तर आले नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, नोंद केली. तिथून दुकानाशी संपर्क झाला, तडजोड झाली नाही. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नसतो, पण तक्रार क्रमांक पुढे जोडता येतो.

मग कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आणि हा मोबदला म्हणजे वस्तूला दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. वकील सक्तीचा नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे चप्पल लाईनमधून जोड घेऊन पुण्याला गेलेल्याला कोल्हापूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. जोडपत्रांत बिल, यूपीआयचा व्यवहार, पाटीचा फोटो, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि त्यांच्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र, केओएच आणि पॅच चाचणीचे अहवाल, औषधांची बिले. पाटीचा फोटो तक्रार करण्याआधी काढलेला होता, हे महत्त्वाचे; पत्र पोचल्यावर दोनच आठवड्यांत ‘केमिकल नाही’ हे शब्द पाटीवरून गेले होते.

डॉक्टरांचा दाखला दोनदा लिहून घ्यावा लागला. पहिल्यात ‘चपलेमुळे ॲलर्जी’ एवढेच होते. दुसऱ्यात तपासणीच्या तारखा, डागांच्या जागा, हात आणि बेचक्या स्वच्छ असल्याची नोंद, चौथ्या दिवसाचे वाचन त्याच्या श्रेणीसह, आणि पट्ट्याच्या कापाचा निकाल. आयोगात पुरावा शपथपत्रावर चालतो. डॉक्टर स्वतः हजर नसले तर हा कागदच त्यांच्या वतीने बोलतो.

चामड्याच्या तपासणीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८खाली अर्ज केला. खासगी अहवाल आधीच आणण्याचा मोह टाळला, कारण आयोगाने सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यावर ‘नमुना बदलला’ हा आक्षेप टिकत नाही. प्रयोगशाळेचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, आणि तो चपलेच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. ही तयारी नसेल तर पॅच चाचणीतील काप आणि पाटी यांच्यावरच प्रकरण चालवावे. अहवालासाठी कायद्यात ४५ दिवस आहेत.

इथे ती वेळ आली नाही. एकूण क्रोमियमच्या चाचणीचा अर्ज वाचल्यावर दुकानदाराच्या वकिलाने मध्यस्थीला होकार दिला. ठरले ते असे: चपलेचे २,२०० रुपये, औषधोपचार आणि चाचण्यांचे ६,८०० रुपये, मनस्ताप व खर्चापोटी १०,००० रुपये, आणि यापुढे पट्टा क्रोम चामड्याचा असेल तर बिलावर तसे लिहायचे. शेवटची अट बाईंनी लावून धरली. तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

डायक्रोमेटची ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते, त्यामुळे पायांचा प्रश्न तडजोडीने सुटला नव्हता. पावसाळ्यासाठी त्यांनी एकाच साच्यात ओतलेली ईव्हीएची (फोमसारख्या प्लॅस्टिकची) चप्पल घेतली: चामडे नाही, सोल्युशनही नाही. घड्याळाचा चामडी पट्टा बदलला. स्लॅबला पाणी मारणे बंद. कोरड्या दिवसांसाठी कारागिराकडून नवा जोड बांधून घेतला. पट्टा तळाच्याच चामड्याचा, वादीने शिवलेला. कारागिराने आधीच बजावले होते की तो महिनाभर चावेल. चावला. एरंडेल लावले, मऊ पडला.